सोमवारची सही

बासष्टच्या हिवाळ्यापासून दर सोमवारी, साडेदहाला,
माझगावच्या चौकीत माझ्या खिडकीसमोर
शिओंग तेफू, वय एकेचाळीस, धंदा दातांचा,
राहणार नेसबिट रोड. जन्म
इथलाच, सुखलाजी गल्लीतला,
पण त्या रकान्यात तेव्हा चीन लिहायचं होतं.
मी लिहिलं.

रांग मोठी असे. चपला शिवणारे,
केस कापणाऱ्या दोघी, गोदीतले सुतार भाऊ,
आणि शिओंग, हातात टोपी,
सदऱ्याला लवंगेच्या तेलाचा वास.
एकदा सहज विचारलं, तुमच्यात राजे कसे होते हो?
विचारायला नको होतं.
त्याने टोपी फळीवर ठेवली
आणि एक सम्राट काढला, दाढ काढावी तसा,
सावकाश, हलवत हलवत.

नाव सांगितलं नाही.
म्हणाला, गादीवर बसलेल्याचं नाव घ्यायचं नसतं,
त्यातलं अक्षरसुद्धा लोक एक रेघ गाळून लिहीत.
मी म्हटलं, इथे एक रेघ गाळलीत
तर नवा अर्ज.

पाच वर्षांचा पोर. पाय सिंहासनावरून लोंबतात.
पडद्यामागून आई बोलते, हा नुसते ओठ हलवतो.
पुढल्या सोमवारी नदीने पात्र बदललं,
तीनशे गावं गेली.
त्याने वर्षाचं नाव बदलून ‘महाशांती’ ठेवलं.
पाणी तिथेच.
मग तांबं संपलं. देवळांच्या घंटा वितळवून नाणी पाडली,
त्या नाण्यांनी उत्तरेकडून घोडे घेतले,
आणि घोडे निघाले म्हातारे.
हे सांगताना शिओंग हसला, तेव्हा दिसलं,
त्याचीच एक दाढ किडली होती.

मेमध्ये मी रजेवर केळव्याला गेलो.
परत येतो तर सम्राट चोवीस वर्षांचा.
मधली वर्षं माझ्या जागी बसलेल्या साव्याला सांगितली म्हणे,
आणि सावे पेपर वाचत होता.

सम्राटाच्या दरबारी एक कारकून असे,
उजव्या खांबाशी, उभाच.
सम्राट काय बोलला, कितीदा शिंकला,
कुणाची मान मारा म्हणाला, सगळं उतरवायचा.
ते बाड सम्राटाने वाचायचं नाही. रीतच तशी.
एका थंडीत, छातीत कफ दाटलेला असताना,
सम्राटाने ते मागितलं.
एकच पान दे, म्हणाला. काय लिहिलंस बघू तरी.

इथे शिओंग थांबला.
मागे कुणाचं तरी मूल किरकिरत होतं.
मग तसाच सपाट आवाज:
चुरीसाहेब, माझी फाइल मला बघता येईल?

नियमात नाही, मी म्हटलं.

ठीक.
त्याने सही केली. मराठीत करायचा,
तिसरीतल्या पोरासारखी, जपून.
आणि त्या कारकुनाने काय केलं? मी विचारलं.
पुढल्या सोमवारी, म्हणाला.

पुढल्या सोमवारच्या आत वरून कागद आला.
हजेरी आता महिन्यातून एकदा, मोठ्या कचेरीत.
माझी खिडकी बंद.
मला चोरीच्या सायकलींकडे दिलं.

गठ्ठे बांधताना मी त्याची फाइल उघडली.
चार वर्षांच्या ओळी, माझ्याच अक्षरात:
हजर. हजर. हजर.
एकदा ‘आजारी, दाखला जोडला.’ पुन्हा हजर.
शेऱ्याचा रकाना कोरा.
लवंग नाही, नदी नाही,
म्हाताऱ्या घोड्यांबद्दल एक शब्द नाही.
दाखवण्यासारखं काही नव्हतंच त्यात,
तरी मी नाडी घट्ट आवळली, दोन गाठी मारल्या.

नेसबिट रोडवर आता त्या जागी घड्याळांचं दुकान आहे.
मुलगा परदेशी गेला, कुणी म्हणतं टोरांटो.
कारकुनाने ते पान दिलं की नाही
मला अजून ठाऊक नाही.
रात्री दाढ ठणकते तेव्हा वाटतं, दिलं असावं.
एरवी मी
कारकूनच असतो.